हातपाय धड असले तरी सिकलसेलवाल्याला दिव्यांग कार्ड मिळतं

शहाद्यात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, केवायसी, दिवसभर हेच चालतं. पण सिकलसेलचा, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, पेशंट दारात आला की हातातलं काम बाजूला ठेवून मी आधी त्याचे कागद बघतो. माझा धाकटा भाऊ एसएस, म्हणजे सिकलसेलचा प्रत्यक्ष रुग्ण आहे, म्हणून.

अर्ज भरायला घेतला की बाप हमखास विचारतो, "हातपाय ते धड शेतस, मंग अपंगनं कार्ड कसं काय भेटी?" हा प्रश्न साधा नाही. कितीतरी घरं या एका समजुतीपायी आपल्या हक्काचं काही मागतच नाहीत.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. डोळे (पूर्ण अंधत्व आणि कमी दिसणं असे दोन), कान, हातपाय, कुष्ठरोग, मतिमंदत्व, मानसिक आजार, एवढ्यातच ती यादी संपत होती. २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे, आणि त्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वमग्नता, वाचन-लेखनाची अक्षमता, बुटकेपणा, अॅसिड हल्ल्यात भाजलेले लोक असे बरेच त्यात नव्याने आले. रक्ताचे तीन आजारही आले: थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल. आपल्या नंदुरबार जिल्ह्यासाठी यातला शेवटचा शब्द फार मोठा आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, कुठल्याही बाजूला जा, सिकलसेल माहीत नाही असं गाव सापडणार नाही.

बाहेरून काहीच दिसत नाही, हीच या आजाराची अडचण. निरोगी माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलसेलची दहा-वीस दिवसांत फुटते. त्यामुळे रक्त कायम कमी. शरीराला ऑक्सिजन कमी पडला, पाणी कमी पडलं, थंडी लागली की पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही आणि मग जो ठणका उठतो तो बघवत नाही. पौष महिन्यात आमच्या घरी रात्रभर पाणी तापत असायचं. भाऊ गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, आई गरम कपड्याने शेकतेय. चार दिवसांनी तो शाळेत गेला की सर म्हणायचे, गेल्या आठवड्यात तर खेळत होतास, एकदम पोट कसं दुखलं? त्यांना तरी काय दिसणार होतं. पुढे कमरेच्या खुब्याचा बॉल खराब झाला, तो लंगडायला लागला, आणि मग सगळ्यांना पटलं की पोराला खरंच काहीतरी आहे. पण आजार तर जन्मापासून होता.

आमचं घर आदिवासी नाही. त्यामुळे कित्येक वर्षं कुणा डॉक्टरला सिकलसेलची तपासणी सुचलीच नाही. कावीळ म्हणाले, संधिवात म्हणाले, मुडदूसही म्हणाले. हा आजार रक्तातून, आईबापाकडून येतो, तो जात विचारत नाही. आदिवासी समाजात प्रमाण जास्त आहे हे खरं, पण सपाटीवरच्या इतर घरांतही तो आहे. लेकराला वारंवार कावीळ होत असेल, हातपाय सुजत असतील, ठणकत असतील, तर आधी ही तपासणी करा.

आता कागदांचं. गावात शिबिरात बहुधा जी साधी झटपट तपासणी होते तिच्यात एवढंच कळतं की रक्तात सिकलचा अंश आहे. माणूस एएस म्हणजे नुसता वाहक, की एसएस म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट लागतो. वाहकाला कार्ड मिळत नाही, त्याला तशी गरजही नसते. पण नवरा-बायको दोघं एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्न जमवताना पत्रिका बघता तसे हे रिपोर्टही बघा, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काहींना राग येतो. आला तरी सांगतो.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायचं, तो अपंगत्वाचे टक्के ठरवतो. सवलतींसाठी निदान ४० टक्के लागतात. पांढरं कार्ड म्हणजे ४० च्या खाली, पिवळं म्हणजे ४० पासून ८० च्या आत, निळं म्हणजे ८० किंवा जास्त. इथे आपली माणसं कागदांवाचून मार खातात. रक्त कितीदा चढवलं, कितीदा भरती व्हावं लागलं, खुबा, प्लीहा, मूत्रपिंड यांतलं काय बिघडलं, हे सगळं लेखी असेल तर बोर्डापुढे सांगायला आधार मिळतो. दर दिवाळीनंतर निम्मी गावं ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोर तिकडे आजारी पडतं, तिकडच्याच दवाखान्यात भरती होतं आणि कागद तिथेच झोपडीत राहून जातात. डिस्चार्जचा कागद गुजरातीत असला तरी जपून आणा. फेकू नका. टक्के कमी मिळाले असं वाटलं तर कायद्याने अपील करता येतं, आणि तो अर्जही मी भरून देतो.

कार्ड मिळाल्यावर काय? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगाला ऑक्टोबर २०२५ पासून महिना २५०० रुपये आहेत, आधी १५०० होते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं. सिकलसेलच्या रुग्णाला साध्या एसटीत पूर्ण सवलत आहे, आणि धडगावच्या घाटातून जिल्ह्याच्या दवाखान्यात येणाऱ्या बाईला ही सवलत पैशांइतकीच मोलाची. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगांना ५ टक्के जागा आहेत, प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सूटही आहे. भावाने याच आधारावर पदवी घेतली.

आणि मग नोकरीच्या जाहिराती बघायला लागलो. कायद्याच्या कलम ३४ मध्ये सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, पण ते वाटून दिलंय: दृष्टी, श्रवण, हातापायाचं अपंगत्व (त्यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, अॅसिड हल्ला, स्नायूंचा आजार), मग स्वमग्नता, बौद्धिक, वाचन-लेखनाची अक्षमता आणि मानसिक आजार, शेवटी बहुविध, म्हणजे यातली एकाहून जास्त अपंगत्वं. रक्ताचे तिन्ही आजार यात नाहीत. म्हणजे सरकार तुम्हाला दिव्यांग मानतं, कॉलेजात जागा देतं आणि नोकरीच्या दारात मात्र तुमचं नाव गाळतं. हा अन्याय आहे, आणि मी तो सरळ शब्दांत अन्यायच म्हणतो. ज्या पोराला ऊसतोड झेपत नाही, उन्हात कापूस वेचता येत नाही, त्यालाच टेबलावरच्या नोकरीची सगळ्यात जास्त गरज असते. खासदार-आमदारांना पत्र देताना पेन्शन वाढवा एवढंच लिहू नका, कलम ३४ मध्ये सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया घाला, असंही लिहा. मसुदा माझ्याकडे टाइप केलेला आहे, येऊन घेऊन जा.

येताना आधार कार्ड, फोटो, रेशन कार्ड, एचपीएलसीचा रिपोर्ट आणि भरतीचे सगळे कागद आणा. पेशंटला दुखत असेल तर त्याला घरीच झोपू द्या, अर्ज भरायला तुम्ही एकटे आलात तरी चालतं. बोर्डाच्या दिवशी मात्र त्याला न्यावं लागतं. थंडीचे दिवस असतील तर अंगावर गरम कपडे घाला आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.