शनिवारवाडा शेवटी

शनिवार, १० जानेवारी २०२६, पुणे

१७३० साली याच तारखेला, शनिवारीच, पहिल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला. आज दुसऱ्या शनिवारची सुट्टी, त्यामुळे दिल्ली दरवाज्यासमोर सकाळपासून गर्दी आहे. बरेच जण अर्ध्या तासात बाहेर येतात आणि म्हणतात, "आत काहीच नाही." आत पुष्कळ आहे. पण ते ओळखायला आधी धड उभा असलेला वाडा पाहिलेला असावा लागतो. म्हणून एका दिवसाच्या फेरीत शनिवारवाडा सगळ्यात शेवटी ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

सकाळ पाताळेश्वराची. जंगली महाराज रस्त्याला लागूनच, पण रस्त्याच्या पातळीखाली असलेले हे राष्ट्रकूट काळातले, आठव्या शतकातले लेणे. इथे दगडावर दगड रचून काही उभारलेले नाही. आधी खडक होता, नको तेवढा काढून टाकला. अंगणातला गोल नंदीमंडपही त्याच खडकाचा. म्हणजे आधी वरचे छत मोकळे झाले, मग खांब आणि सगळ्यात शेवटी पायाखालची जमीन. उडालेली कपची परत बसवता येत नाही, त्यामुळे हातचे राखूनच छिन्नी चालवावी लागे. काम अर्धवट राहिलेल्या जागा मुद्दाम शोधाव्यात. घडवण्याची रीत तिथेच उघडी पडते.

आत शिरल्यावर पाच मिनिटे नुसते उभे राहावे. उन्हातून आलेल्या डोळ्यांना सुरुवातीला काळोखच दिसतो आणि घाईचे लोक तेवढ्यावरच मागे फिरतात. मोबाइलचा उजेड भिंतीवर समोरून मारला तर भिंत सपाट दिसते. तोच उजेड भिंतीला चिकटून आडवा धरला की छिन्नीच्या खुणा उठतात. इथे रोजची पूजा चालते, तेव्हा गाभाऱ्यासमोरची वाट अडवू नये. चपला काढाव्या लागतात आणि दुपारी अंगणातला काळा दगड पाय भाजतो, म्हणून सकाळच बरी.

तिथून रिक्षाने विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. आधी समोरच्या फुटपाथवर जाऊन लाकडी सज्जासकट दर्शनी भाग पाहावा, कारण दारात उभे राहून तो दिसतच नाही. मग आत जाऊन नजर खालून वर न्यावी: जोते म्हणजे दगडी चौथरा, तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड, सुरूच्या आकाराचा खांब, महिरप म्हणजे खांबांमधली कमान, आडवी तुळई आणि वरचे लाकडी छत, म्हणजे कडीपाट. यातला तळखडा नीट बघून ठेवा, संध्याकाळी तोच कामाला येणार आहे. लाकडी खांब थेट जमिनीत रोवला तर त्याचे खालचे टोक ओल शोषते आणि कुजते. म्हणून मध्ये हा घडीव दगड. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. पूर्वी वाडा किती मोठा हे खणांतच सांगत. इथे दोन-तीन खण पावलांनी मोजून घ्यावेत.

जेवण तुळशीबागेच्या आसपास, बेताचेच. जड जेवणानंतर संग्रहालय झेपत नाही.

बाजीराव रस्त्याने दक्षिणेकडे दहाएक मिनिटे चालले की राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिकीटखिडकी केव्हा बंद होते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. दिनकर केळकरांचा जन्मही १० जानेवारीचाच, १८९६ सालचा. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढे तो सरकारच्या हवाली केला. वस्तू वीस हजारांच्या वर आहेत, मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. सगळ्या पाहायच्या ठरवल्या तर दुसऱ्या मजल्यावर डोळे थकतात आणि पुढचे सारे एकसारखे वाटू लागते. त्यापेक्षा दोनच प्रकार निवडावेत.

माझी निवड अडकित्ते आणि कोरीव दारे. अडकित्त्याचा खिळा एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मध्ये. सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ, तितकी ती कमी जोरात फुटते. हे एकदा ध्यानात आले की मोर, घोडे, माणसे असे कितीही आकार दिले तरी दांड्यांची लांबी कारागिराने का सांभाळली ते कळते. दारे पाहताना कोरीवकामाआधी चौकट कशी जोडली आहे ते पाहावे. कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महालही चुकवू नये, कारण वाड्यातला दिवाणखाना आतून कसा दिसे याची कल्पना तिथे येते. काचेवर प्रतिबिंब पडत असेल तर समोरून बाजूला सरकून तिरके पाहावे, गडद कपडे घातलेले असतील तर ते आणखी कमी होते. फ्लॅश मात्र नकोच. जुने रंग आणि कापड उजेडाने विटतात आणि झालेले नुकसान भरून येत नाही.

चारच्या सुमारास शनिवारवाडा. दिल्ली दरवाज्याचे तोंड उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात दर्शनी बाजूला ऊन येत नाही आणि मागच्या उजळ आभाळामुळे फोटो काळवंडतो. मोबाइलच्या पडद्यावर दारावरच बोट ठेवून उजेड वाढवावा. दारावरचे अणकुचीदार खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून. दरवाज्याच्या आतल्या भिंतींवर जुन्या चित्रांचे पुसट अवशेष आहेत, त्यांना हात लावू नये.

२७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतला वाडा गेला. तळाचे काम दगडी, वरचे मजले विटा आणि सागवानाचे. भार लाकडी सांगाड्यावर, विटा त्याला बिलगलेल्या. सांगाडा जळाला की विटांनाही आधार उरत नाही. म्हणूनच आज जोती शिल्लक आहेत आणि भिंती नाहीत. आता विश्रामबागेतला तळखडा आठवावा. जोत्यावर ओळीने चौकोनी दगड दिसले की त्यांवर मनाने खांब उभे करायचे, सकाळी मोजलेल्या खणाशी अंतर ताडून पाहायचे. दगडांची ओळ जिथे चारी बाजूंनी वळते आणि मधली जागा खोलगट राहते, तो चौक. हजारी कारंज्याचा सोळा पाकळ्यांचा हौदही मग एकटा, सुटा दिसत नाही, तो एका चौकाच्या मध्यभागी जाऊन बसतो.

दिल्ली दरवाज्यावरच्या नगारखान्याचा जिना उघडा असेल तर शेवटी वर जावे. तिथले लाकडी खांब अजून उभे आहेत. पाचनंतर ऊन तिरपे झाले की खाली प्रत्येक जोत्याच्या कडेला सावलीची रेघ उमटते आणि दुपारी नुसते हिरवळीत पसरलेले दगड वाटले होते तिथे खोल्या, ओसऱ्या, वाटा वेगवेगळ्या दिसू लागतात.