आज पहिल्यांदा भूक दिसली

जाग्या पेशी चमकवून दाखवणाऱ्या अँटिबॉडीचं प्रमाण तीन आठवडे जुळत नव्हतं. आज जुळलं. मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत, उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर, हायपोथॅलॅमस या भूक सांभाळणाऱ्या भागाच्या अगदी तळाशी, भूक जागवणाऱ्या पेशी चमकत होत्या. हा उंदीर उपाशी होता, म्हणून त्या जाग्या होत्या. पोट भरलेल्या उंदराच्या कापावर तीच जागा जवळजवळ काळी. मी बराच वेळ नुसती बघत बसले.

जठरातून येणारं घ्रेलिन हे हार्मोन या पेशींना चेतवतं, चरबीतून येणारं लेप्टिन हे हार्मोन त्यांना शांत करतं. पण गोष्ट खाण्यापुरती राहत नाही. एरवी उंदीर उघड्या, उजेडाच्या जागेत जायला घाबरतो. या पेशी जाग्या झाल्या की अन्नासाठी तिथेही जातो. म्हणजे भीतीचं गणितच बदलतं! माझी पीएचडी नेमकी इथेच अडकली आहे.

काही मुलांच्या शरीरात जन्मतःच लेप्टिन तयार होत नाही. त्यांची भूक शमतच नाही. 1999 मध्ये अशा एका नऊ वर्षांच्या मुलीवरच्या उपचारांची माहिती प्रसिद्ध झाली: लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर तिचं खाणं आणि वजन दोन्ही उतरलं. एका हार्मोनची उणीव होती ती. तरी ‘तोंडावर ताबा ठेव’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो. मला ते आता ऐकवत नाही.

अजून बेचाळीस काप मोजायचे आहेत. उद्या सकाळी लवकर जाणार.