आमची वाटचाल : ‘सैलच आहेत, ताई’

मी तेव्हा नोकरीत होते, फिजिओथेरपिस्ट म्हणून. अडथळ्यांची शर्यत धावणारी एक मुलगी एका मोसमात तीनदा हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावून आली. तिन्ही वेळा मोठी स्पर्धा आठवड्यावर आलेली. ताकद तपासली, लवचिकता तपासली, धावण्याचं चित्रीकरण संथ करून पाहिलं. बोट ठेवावं असं काहीच सापडेना. तिसऱ्या खेपेला ती टेबलावर पालथी झोपली होती, माझा हात तिच्या पोटरीवर होता आणि मी सहज विचारलं, “पुढची शर्यत कधी?” उत्तर यायच्या आधी हाताखालची पोटरी दगडासारखी झाली. पायाच्या बोटांनी चादर धरली होती. मी म्हटलं, “बोटं सैल सोड.” ती म्हणाली, “सैलच आहेत, ताई.”

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. दबावाखाली आपलं शरीर कुठे आखडतं हे खेळाडूंना ओळखायला शिकवायचं, हा आमचा व्यवसाय. तो सगळा त्या एका वाक्यावर उभा आहे असं म्हटलं तर चालेल.

पुढच्या मोसमात तिचा तो स्नायू टिकला. तिने ताकदीचे व्यायामही बदलले होते, त्यामुळे सगळं श्रेय मी घेणार नाही. पण मी नोकरी सोडली. श्वास आणि हालचालींवर काम करणारी एक जुनी सहकारी सोबत आली. एक खोली, एक टेबल, दोन चटया.

पहिल्या वर्षी आमच्याकडे सगळीकडून फिरून थकलेलेच लोक यायचे. प्रशिक्षकांना वाटायचं, ह्या मालिश करतात. (मालिश करणारे ते काम आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं करतात.) आम्ही सांगायचो, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, तोंडचं पाणी पळतं, हे आपण रोज बोलतो ना? ते नुसते वाक्प्रचार नाहीत. ताण आला की लाळ खरंच कमी होते, पचन मंदावतं, तळहात गार पडतात. घाबरल्याची बातमी कित्येकदा मनाआधी शरीराला लागलेली असते. मग काम शरीरापासून का सुरू करू नये?

सुरुवातीची मुख्य पद्धत जुनीच होती. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२०च्या दशकात मांडलेली, स्नायू क्रमाक्रमाने सैल करण्याची. आधी मूठ आवळायची, तो ताण नीट जाणवू द्यायचा, मग सोडायची आणि दोन्हींतला फरक ओळखायचा. वाचायला बाळबोध वाटते. पण वर्षानुवर्षं जबडा आवळून धावलेल्या माणसाला सैल जबडा कसा असतो हे पहिल्यांदा कळतं, तेव्हा तो दचकतो.

मग आम्ही तोंडावर आपटलो. कमी पल्ल्याच्या एका धावपटूला शर्यतीच्या तासभर आधी आम्ही वीस मिनिटं आडवं झोपवलं. लांब उच्छ्वास, पायापासून डोक्यापर्यंत सगळं सैल. मुलगा अगदी शांत चेहऱ्याने ब्लॉक्समध्ये बसला आणि बंदुकीच्या आवाजानंतर सगळ्यांत उशिरा उठला. नंतर म्हणाला, “झोप आल्यासारखं वाटत होतं.” त्याच्या प्रशिक्षकांनी त्या मोसमात आमच्याकडे एकही खेळाडू पाठवला नाही, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. यर्किस आणि डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की अवघड काम शिकताना उत्तेजना एका मर्यादेपर्यंत फायद्याची असते, त्यापुढे ती नडते. हे आम्ही परीक्षेत लिहिलं होतं. त्याची दुसरी बाजू, म्हणजे फार कमी उत्तेजनाही नडते, ही मात्र दुसऱ्याची शर्यत घालवून शिकलो.

तेव्हापासून ‘शांत करतो’ हा शब्द आमच्या बोलण्यातून गेला. नेमबाजाला नाडी संथ हवी असते. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून त्याच्याशी लांब उच्छ्वासावर काम करतो. वेटलिफ्टर बारजवळ जाताना पाय आपटतो, मांडीवर थापा मारतो, ते त्याचं त्याला ठेवू देतो. फक्त खांदे कानापर्यंत चढले असतील तर तेवढे खाली आणायचे. आडवं झोपून सगळं सैल सोडणं आता स्पर्धेनंतर, रात्री.

आमच्या पहिल्या माहितीपत्रकात एक वाक्य होतं, ‘शरीरात साठलेला ताण आम्ही बाहेर काढतो.’ एका क्रीडा-डॉक्टरांनी ते वाचून विचारलं, “कुठे साठतो? दाखवा.” आम्हाला दाखवता येईना. वाक्य काढलं. आता या क्षेत्रात ‘व्हेगस नर्व्ह’च्या (मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणाऱ्या नसेच्या) नावावर काय वाटेल ते विकलं जातं, तेव्हा त्या डॉक्टरांची आठवण येते.

२०२० मध्ये हात लावणंच बंद झालं. आमचं तर कामच हातांचं. खोली रिकामी, भाडं चालू. नाइलाजाने व्हिडिओवर काम सुरू केलं. स्वतःचा तळहात बरगड्यांखाली ठेव, श्वास कुठे अडतो सांग. भिंत दोन्ही हातांनी ढकल, ताण आधी कुठे येतो सांग. आम्हाला वाटलं होतं, हे कसंबसं चालवून नेण्यापुरतं. झालं उलटंच. आधी आमच्या हातांना कळायचं आणि आम्ही त्यांना सांगायचो. आता त्यांच्याच हातांना कळायला लागलं. स्पर्धेत आम्ही कुठे सोबत असतो? पुन्हा खोली उघडली तेव्हा टेबल कोपऱ्यात गेलं आणि मधली जमीन मोकळी झाली.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली. हवेत गिरकी घेताना आपलं शरीर कुठे आहे याचा अंदाजच सुटतो, जिम्नॅस्ट त्याला ‘ट्विस्टीज’ म्हणतात; तिला तेच झालं होतं. त्यानंतर आम्हाला फोन वाढले. बरेचसे पालकांचे, आणि प्रश्न बहुतेक एकच, “किती दिवसांत ठीक होईल?” गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेला एक बास्केटबॉलपटू आमच्याकडे होता. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिलेली, तरी उडी मारली की तो दुसऱ्याच पायावर उतरायचा. त्याला आम्ही वीतभर उंचीच्या पायरीवरून उतरवायला सुरुवात केली. श्वास अडकला की थांबायचं, आजूबाजूला बघायचं, पाय जमिनीत दाबायचे आणि पुन्हा उतरायचं. पायरी गुडघ्याएवढी व्हायला चार महिने लागले. पालकांना मी हेच उदाहरण सांगते. काही जण त्यानंतर फोन करत नाहीत. झोप उडालेली, जेवण सुटलेलं किंवा जगणं नकोसं झालेलं दिसलं, तर आम्ही आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. तिथे श्वासाचे व्यायाम पुरत नाहीत.

एक मोठं कंत्राट हातचं गेलं, तेही सांगायला हवं. एका संघाच्या व्यवस्थापनाला आमच्याकडून खेळाडूनिहाय अहवाल हवा होता, दबावाखाली कोण आखडतं याचा, निवडीच्या आधी. नाही म्हटलं. चटईवर पडलेला माणूस आपली बोटं कधी आवळली हे आम्हाला सांगतो, ते कागदावर जाणार नाही या भरवशावर. सहकारी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, कारण त्या पैशांत दुसरी खोली झाली असती. दुसरी खोली दीड वर्षाने झाली.

सध्या आम्हाला तिसरी व्यक्ती हवी आहे. पदव्या पाहून झाल्या की उमेदवाराला साध्या स्टुलावर बसवतो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारतो आणि मध्येच विचारतो, “खांदे सैल आहेत का?” पटकन ‘हो’ म्हणणाऱ्याला आम्ही अजून तरी घेतलेलं नाही.