पहिल्या एलिझाबेथची सिक्सपेन्स: तलवारीपर्यंतची मालिका

सिक्सपेन्स म्हणजे इंग्लंडच्या या राणीचं सहा पेन्सचं चांदीचं नाणं, टांकसाळीची खूण म्हणजे त्यावरचं छोटं चिन्ह. माझ्या संग्रहात या खुणांपैकी बाणाचं पातं (१५६१–६५), छोटा मुकुट (१५६७–७०), किल्ला, अर्मिन (पांढऱ्या केसाळ कातड्याचं चिन्ह), ओकफळ, रानगुलाब आणि ग्रीक क्रूस जागेवर बसले. तलवार अजून बाकी आहे. तिच्यावर १५८२ हे एकच साल येतं.

ही मालिका सालाऐवजी टांकसाळीच्या खुणेवर लावावी. खूण बदलायची ती पिक्सच्या चाचणीच्या (टांकसाळीतल्या नाण्यांच्या अधिकृत तपासणीच्या) वेळी, साल उलटलं म्हणून नव्हे. म्हणूनच १५७३ अर्मिनवरही मिळतं आणि ओकफळावरही. १५८२ तलवारीवर आणि घंटेवर. चालू स्थितीतला जुना ठसा (नाणं ज्यानं छापत तो साचा) टाकून न देता त्यावर नवा आकडा कोरत, तेव्हा शेवटचा आकडा दहापट भिंगाखाली, तिरप्या उजेडात पाहावा. खालचा आकडा डोकावला तर फारच छान.

साल ढालीच्या वर, आतल्या वर्तुळात असतं. खूण काठच्या अक्षरांच्या ओळीत. चांदी काढून घ्यायला कड कातरली की खूण जाते, साल वाचतं. मात्र खूण दोन्ही बाजूंना असते, त्यामुळे एकीकडे गेली तर दुसरीकडे शोधावी. साल झिजलेलं असेल तर हीच खूण चार-पाच वर्षांच्या आत आणून सोडते.

मूळ वजन ३.११ ग्रॅम, १६०१ पासून ३.०१. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. २.८ च्या वरचं नाणं समाधानकारक. २.५ च्या खाली असून अक्षरांचे माथे गायब असतील तर कातरकाम नक्की. अक्षरं पूर्ण, झीज नाही आणि तरी वजन कमी, असं नाणं घेऊ नये, ते ओतीव नक्कल असू शकतं. कडेवर साच्याचा सांधा आणि पृष्ठावर बुडबुड्यांचे खळगे तपासावेत.

राणीचा चेहरा सपाट दिसला म्हणजे झीजच असं नाही. छापताना हातोड्याचा घाव कमी पडला की चांदी वरच्या-खालच्या दोन्ही ठशांच्या खोल भागांत पुरत नाही. मग चेहरा आणि त्याच्या नेमक्या पाठीमागचा ढालीचा भाग एकत्रच अर्धवट उठतो, शेजारची अक्षरं मात्र धारदार राहतात. झिजलेलं नाणं सगळीकडून गुळगुळीत होतं. अशा अर्धवट छापाच्या नाण्याला विक्रेते कमी प्रतीचं म्हणतात. खूण आणि साल स्पष्ट असेल तर तेच घ्यावं.

डोक्यामागे गुलाब नसेल तर ते बहुधा सिक्सपेन्स नव्हे. वाकलेलं नाणं सरळ करायला जाऊ नये, जुनी चांदी ठिसूळ होते आणि तडकते. चिंच, टूथपेस्ट, सिल्व्हर डिप (चांदी उजळवायचं द्रावण) वर्ज्य. प्लास्टिकचा हिरवा चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेच्या भांड्यात.