‘प्रज्ञा’ म्हणायचे की ‘प्रग्या’?

पुतणीला मुलगी झाली असून तिचे नाव ‘प्रज्ञा’ ठेवायचे असे तिच्या मनाने घेतले आहे. नाव दोन्ही घरांना पसंत आहे. वाद आहे तो केवळ उच्चाराचा. ती स्वतः आपल्यासारखे ‘प्रद्न्या’ म्हणते, सासरी गुजराती बोलतात म्हणून तिच्या सासूबाईंच्या तोंडी ‘प्रग्ना’ येते, आणि नवरा-बायको नोकरीनिमित्त दिल्लीत राहत असल्यामुळे शेजाऱ्यांनी आतापासूनच ‘प्रग्या’ सुरू केले आहे. “काका, यातला शुद्ध उच्चार कोणता?” असे तिने आज फोनवर विचारले. उत्तर दिले खरे, पण ते तुटक झाले, म्हणून येथे नीट मांडून ठेवतो.

शुद्धतेच्या कसोटीला तिघांपैकी एकही उच्चार उतरत नाही. ‘ज्ञ’ हे जोडाक्षर ‘ज’ आणि ‘ञ’ यांचे आहे. संस्कृत कोशात ‘ज्ञा’ हा धातू ‘ज’मध्येच शोधावा लागतो आणि संगणकातही या अक्षराला स्वतंत्र स्थान नसून ते ज, हलन्ताची खूण व ञ अशाच क्रमाने साठवले जाते. जीभ टाळूला टेकवून ‘ज्’ म्हणायचे आणि ती तेथून न हलवता पुढचा आवाज नाकातून सोडायचा, ही कसरत बोलण्याच्या ओघात टिकणे कठीण, म्हणून प्रत्येक भाषेने आपापली सोय पाहिली. मराठीने ‘ज’च्या जागी ‘द’ घेतला आणि नाकातला आवाज ‘न्य’च्या रूपाने राखला, गुजरातीने ‘ग’ घेऊन ‘न’ ठेवला, हिंदीने ‘ग्य’ करून अनुनासिक जवळजवळ सोडूनच दिले. तमिळमध्ये तर ‘ज’ गळाला आणि ज्ञानाचे ‘ञानम्’ झाले. पालीतही प्रज्ञेची ‘पञ्ञा’ झाली आहे. आपला उच्चार संस्कृतच्या सर्वांत जवळचा, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. अनुनासिक राखल्याचे श्रेय अवश्य घ्यावे, त्यापुढे जाऊ नये. शिवाय ‘राणी’च्या मुळाशी ‘राज्ञी’ आणि ‘विनंती’च्या मुळाशी ‘विज्ञप्ति’ आहे, आणि या शब्दांत आपण ‘ज्ञ’चा मागमूसही ठेवलेला नाही, तरी ते कोणाला अशुद्ध वाटत नाहीत. (पुतणी मुलीला तूर्तास ‘राणी’ म्हणूनच हाक मारते, हे आणखी विशेष.)

मग धरायचा कोणता? माझ्या मते, आईवडील ज्या उच्चाराने मुलीला हाक मारतील तोच तिच्या नावाचा प्रमाण उच्चार, आणि परक्यांना तो एकदा शांतपणे सांगावा. सासूबाई ‘प्रग्ना’ म्हणतात तो मात्र त्यांच्या भाषेतला रीतसर उच्चार आहे. तो सुधारायला जाणे म्हणजे शुद्ध आगाऊपणा होईल. मला खटकतो तो निराळाच प्रकार. मराठी घरात वाढलेली, ‘ज्ञ’ सहज म्हणू शकणारी माणसेसुद्धा हल्ली ‘यग्य’, ‘विग्यान’ आणि ‘प्रग्या’ म्हणू लागली आहेत. त्यांची जीभ अडत नाही. दूरचित्रवाणीवर तसे ऐकू येते, एवढेच कारण त्यांना पुरते.

खरा निर्णय घ्यायचा आहे तो रोमन स्पेलिंगचा. दिल्लीतल्याच ‘विज्ञान भवना’त हे अक्षर ‘जी-वाय’ने लिहितात आणि ‘भारतीय ज्ञानपीठ’ या नावात ‘जे-एन’ने, तरी तेथील माणूस दोन्हीकडे ‘ग्य’च म्हणतो. शब्द ओळखीचा असला की स्पेलिंगकडे कोणी पाहत नाही; नाव अनोळखी असेल तेव्हा मात्र सगळी भिस्त स्पेलिंगवरच असते. ‘जे-एन’ हे विद्वानांचे लेखन आहे, ते वाचून परका माणूस ‘प्रज-ना’ म्हणेल. ‘डी-एन-वाय’ वाचून कोणी ‘प्रॅड-निया’ म्हणेलही, परंतु त्यात निदान आपला ‘द’ आणि ‘न’ कानावर येतो, शिवाय मराठी माणसाला हे लेखन पाहताक्षणी ओळखू येते; म्हणून मी तेच सुचवले. घाई करण्याचे कारण नाही, कारण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे बाळाची नोंद नावाशिवायही होते आणि १२ महिन्यांच्या आत नाव कोणतेही शुल्क न देता भरता येते. मात्र तेवढ्या अवधीत दोघांनी एकमताने काय ते ठरवावे, कारण तीच अक्षरे पुढे शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत तिच्यामागे जाणार आहेत. जावईबापूंना ‘जी-एन’ हवे आहे असे कळते. तसे झाले तरी मी ‘प्रद्न्या’च म्हणणार, आणि सासूबाईंनीही खुशाल ‘प्रग्ना’ म्हणावे.