गोरखचिंच सोलापुरात कशाला?

घरामागच्या मुरमाड उंचवट्यावरचे गोरखचिंचेचे, म्हणजे बाओबाबचे, झाड पाहून बहुतेक पाहुणे विचारतात, की हे आफ्रिकेतले झाड इथे कशाला लावले आणि ते मोठे झालेले पाहणार कोण. तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो.

झाड परके आहे हे खरे, पण दख्खनला ते नवे नाही. इथून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या विजापुरात, कर्नाटकातल्याच सावनूर गावच्या मठात आणि गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यात जुन्या गोरखचिंचा आहेत. अरब व्यापाऱ्यांबरोबर त्या आल्या असाव्यात, असे म्हणतात. सावनूरच्या तीन झाडांपैकी एक 2023 च्या पावसाळ्यात कोसळले, तेव्हा ते तोडून न नेता पुन्हा उभे करण्यात आले. ती बातमी मी दोनदा वाचली.

माझी पहिली रोपे मात्र मीच मारली. बियांचे कवच इतके टणक, की ते पॉलिश पेपरने घासून रात्रभर गरम पाण्यात ठेवावे लागते. एवढे सायास करून उगवलेली रोपे मी काळ्या मातीत लावली आणि सोलापूरचा उन्हाळा आठवून रोज पाणी घातले. या रोपाचे मूळ मुळ्यासारखे फुगते, पाणी तेच साठवते. चिकट ओल्या मातीत ते आषाढातच कुजले. दुसऱ्या खेपेस मुरूम आणि वाळू कालवून उतारावर लावले, आणि पानगळ झाली की पाणी पूर्ण बंद केले. सुरुवातीची पाने साधी, एकेकटी असतात, त्यामुळे बी फसवे निघाले असे मला वाटले होते. पंजासारखी पाने नंतर आली. संध्याकाळी उमलणारी, वटवाघळांना बोलावणारी पांढरी फुले यायला अजून बराच अवकाश आहे.

आता पाहणार कोण? झिम्बाब्वेतल्या पान्के नावाच्या गोरखचिंचेचे वय कार्बनच्या चाचणीतून सुमारे 2450 वर्षे निघाले होते. त्या हिशेबात माझी सोय पाहण्यात अर्थच नाही. मात्र खोडाभोवती सिमेंटचा पार बांधा, ही प्रेमळ सूचना मी ठामपणे नाकारतो, कारण फुगणाऱ्या खोडाला तो आवळतो आणि बुंध्याशी पाणी तुंबते.

चैत्रात निष्पर्ण फांद्या पाहून शेजारच्या काकूंना दया येते आणि त्या कुंपणावरून बादली रिती करतात. परवाच मी त्यांना तिसऱ्यांदा समजावले. त्यांनी बादली मोगऱ्याकडे वळवली, पण झाड वाळले आहे हे मत बदलले नाही.