स्नॉर्कलिंग अपडेट: एकाच कोरलवर लटकून राहण्याचा सीझन

या सीझनला अंदमानातल्या स्नॉर्कलिंगचं (मास्क-नळी लावून, पाण्यावर उपडं तरंगत खालचं पाहायचं) टार्गेट एकच ठेवलं होतं, कमी पोहायचं. बोटवाला वेळ मोजून देते, म्हणून सगळे पाण्यात पडल्या पडल्या फिन्स (पायातले रबरी पंख) मारत सुटतात, इकडचं कोरल (प्रवाळ), तिकडचं कोरल, अन् शेवटी पाहून काय राहिले तर पळणाऱ्या माशांच्या शेपट्या. यावेळी ठरवलं, एक चांगला मोठा कोरलचा गड्डा पकडायचा अन् त्याच्यावर लटकून राहायचं बस.

त्याची तयारी नागपुरातच केली. आपल्याला मुंबई काय अन् विशाखापट्टणम काय, दोन्हीकडे रात्रभराचा प्रवास, त्यामुळे स्विमिंग पूल हाच आपला समुद्र. मे महिन्यात पूलचं नाव काढू नका, अर्धं नागपूर त्यात उतरलेलं असते. थंडीत सकाळी जा, पूर्ण लेन तुमची. मी फक्त उपडा तरंगायचो, पाय न हलवता, नळीतून हळू श्वास, आत घ्यायला जेवढा वेळ त्याच्या दुप्पट सोडायला. गोड्या पाण्यात पाय खाली जातात, समुद्राचं पाणी अडीच-तीन टक्के जड असते म्हणून तिथे शरीर आपोआप वर राहते, म्हणजे पूलमध्ये जमलं तर समुद्रात अर्धं काम झालंच समजा. एक जण तिथे विचारत होता की नळी लांब घेतली तर अजून खोल नाही का जाता येणार. नाही बावा. एक मीटर खालीसुद्धा पाणी छातीला असं दाबते की वरची हवा ओढताच येत नाही, शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा परत आत येते. म्हणून नळी वीत-दीड वीत एवढीच असते.

मास्कबद्दल थोडं. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हवा ओढा, हात सोडा, पडला नाही तर फिटिंग बरोबर. मिशीवाल्यांनो, नाकाखालची एक रेघ साफ करा, पाणी तिथूनच शिरते. नवीन काचेवर कंपनीतला पातळ थर असतो, तो टूथपेस्टने चोळून काढल्याशिवाय धुकं जाणार नाही, त्यानंतर दर वेळी बेबी शाम्पूचा थेंब पुरे, थुंकी फुकट आहे अन् तीही चालते. अन् पाण्याखाली वस्तू पाव हिस्सा जवळ अन् तिसरा हिस्सा मोठी दिसते, तेव्हा कोणी दोन्ही हात पसरून मासा सांगून राहिला तर मनातल्या मनात हिशोब करून घ्या.

तारखा मी तिथी पाहून काढल्या. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढणार, जास्त उतरणार, करंट जोरात, गाळ वर. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी, पाणी त्यामानाने शांत अन् स्वच्छ. घरात बायको म्हणे, फिरायला जायला पण पंचांग? पण फरक पडते हो. फक्त तिथीवरून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब अंदमानात लावू नका, तिथला टाइड टेबल (भरती-ओहोटीचा तक्ता) वेगळा पाहावा लागते.

नील बेटाला (२०१८ पासून शहीद द्वीप, पण जेट्टीवर सगळे नीलच म्हणतात) भरतपूर बीचवर कोरल किनाऱ्याजवळच आहे, ओहोटीला तर इतकं उथळ होते की पोट घासायची पाळी येते, म्हणून अर्धी भरती चढल्यावर उतरलो. तिथे एक गोल, मेंदूसारख्या वळ्यांचं कोरल निवडलं अन् थांबलो. आधी काहीच नाही. मग एकेक करून छोटे डॅमसेल मासे फटीतून बाहेर यायला लागले, त्यातला एक काळपट, बोटाएवढा, सरळ माझ्या मास्कवर धावून यायचा. हे साहेब शेती करतात, कोरलच्या तुकड्यावर शेवाळ वाढवतात अन् राखण करतात, मग समोर मासा असो की माणूस. बाजूला क्लीनर रॅसचं (दुसऱ्या माशांचं अंग साफ करणारा छोटा मासा) दुकान लागलं होतं, निळसर अंगावर काळा पट्टा, अन् एक ग्रूपर (मोठा मासा) तोंड उघडून, कल्ले पसरवून असा थांबलेला जसा न्हाव्याच्या खुर्चीत गिऱ्हाईक. तो चिटुकला त्याच्या तोंडात जाऊन गालफडातून बाहेर आला! याच्यासारखाच दिसणारा एक ठग ब्लेनी पण असते, तो सफाईच्या बहाण्याने जवळ येऊन लचका तोडते. मला दिसलेला खरा होता की ठग हे ओळखायला तोंड पाहायचं, खऱ्याचं तोंड टोकाला, ठगाचं खालच्या बाजूला. माझा खरा निघाला.

तेवढ्यात कर्र कर्र आवाज. पाण्यात आवाज कुठून येते ते कळत नाही, चारही बाजूंनी येते. पाहतो तर खाली पॅरटफिश, चोचीने दगड खरवडून राहिला, अन् थोड्या वेळाने मागून पांढऱ्या वाळूचा धूर. बीचवरच्या पांढऱ्या वाळूत यांचा हिस्सा चांगलाच मोठा असते, हे घरी पोरांना सांगितलं तर दोन दिवस वाळूत पाय ठेवेना.

अ‍ॅनिमोन पण सापडलं (मऊ सोंडांचा, दगडाला चिकटून राहणारा समुद्री जीव), त्यात क्लाऊनफिशचं कुटुंब. सगळ्यात मोठी ती बाई, दुसऱ्या नंबरचा नर, बाकी सगळे वेटिंगवर. बाई गेली की तो नरच मादी होते अन् वेटिंगमधला सगळ्यात मोठा नर होते. हे वाचलं होतंच, पण कोण कोणाला हाकलते ते तब्येतीने पाहायला मिळालं ते थांबलो म्हणून.

वंडूरच्या जेट्टीहून जॉली बॉय बेट पण केलं. महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्कमध्ये येते ते, १९८३ चं पार्क. तिथे परमिट लागते, प्लास्टिक पूर्ण बंद, बॅग तपासतात, अन् जॉली बॉय अन् रेड स्किन ही दोन बेटं आलटून पालटून उघडतात, म्हणजे वर्षातला काही काळ प्रत्येक बेटाला सुट्टी. लोकं कुरकुर करत होते की एवढ्या कटकटी कशाला. माझं मत उलटं आहे, जिथे कटकट आहे तिथेच पाहण्यासारखं शिल्लक आहे. हॅवलॉक बेटाच्या एलिफंट बीचला कटकट कमी अन् गर्दी इतकी की कोरलपेक्षा लाइफ जॅकेटच जास्त दिसतात, तरी सकाळची पहिली बोट पकडली तर ठीक.

तरी सगळं हिरवंगार आहे असं नाही. २०१० अन् २०१६ ला पाणी तापून अंदमानात मोठं ब्लीचिंग (कोरल पांढरं पडणं) झालं होतं. कोरलच्या आत राहणारं शेवाळ त्याला जेवण पुरवते, गरमीत कोरल त्यालाच बाहेर काढते, मग पांढरं पडते अन् जास्त दिवस चाललं तर उपाशी मरते. तुटलेल्या फांद्यांचा ढीग अन् मधेच जांभळ्या टोकाची नवीन फांदी, असे पट्टे जागोजागी दिसले. म्हणून उभं राहायला कोरलवर पाय नाही म्हणजे नाही, अन् सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पोहायचा अंगाला घट्ट शर्ट) घाला, पाठ पण वाचते. शंख-कोरल उचलून खिशात टाकू नका, एअरपोर्टवर पकडतात अन् कायदा कडक आहे. खाडी-खारफुटीच्या बाजूला मगरीचा बोर्ड असला तर तो मजाक समजू नका.

डक डाइव्ह (डोकं खाली करून मारायची बुडी) मात्र अजून कच्चंच आहे. दोन-तीन मीटरलाच डावा कान अडते. कान दुखायच्या आधीच नाक दाबून हवा लोटायची, खाली उतरताना परत परत, हे कळते, पण उलटं झाल्यावर हात नाकापर्यंत जाईस्तोवर उशीर होते. अन् जाण्याआधी भराभर दहा-वीस श्वास घ्यायचा जो जुगाड काही पोरं सांगतात तो करू नका राजेहो, त्याने श्वास घ्यायची तलफच दबते अन् माणूस पाण्यात बेशुद्ध होते. जोडीदार वर पाहत असल्याशिवाय मी खाली जातच नाही.

पुढचं टार्गेट लक्षद्वीपचं कदमत बेट. परमिटचे कागद गोळा करणं चालू आहे, तोपर्यंत पूलच्या खोल बाजूला कानाची प्रॅक्टिस. कोणी मायनस नंबरची काच बसवून मास्क नागपुरात बनवून घेतला असेल तर दुकान सांगा, माझा नंबर मायनस साडेतीन आहे अन् चष्म्याशिवाय तो ग्रूपर मला आधी दगडच वाटला होता.